युद्धाला नकार आणि श्रद्धेची परीक्षा

धर्माच्या नावाने युद्धे पुकारली जातात, हे जगाच्या अंगवळणी पडले आहे. मात्र धर्मश्रद्धेपोटीच युद्धाला नकार देणाऱ्यांचे काय करायचे, हा प्रश्न लोकशाही राष्ट्रांनाही अद्याप नीट सोडविता आलेला नाही. दक्षिण कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने ३० मे २०२४ रोजी दिलेला निकाल याचीच साक्ष देतो. सदसद्विवेकबुद्धीला स्मरून लष्करी सेवा नाकारणाऱ्या तरुणांना तेथे तीन वर्षे तुरुंगाच्या आवारात राहून पर्यायी सेवा करावी लागते. ही व्यवस्था घटनाबाह्य नाही, असा निर्वाळा न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने दिला.

या निकालाला मोठी पार्श्वभूमी आहे. कोरियन युद्ध १९५३ मध्ये थांबले, ते युद्धविरामावर; शांतता करार झालाच नाही. उत्तरेकडील शेजाऱ्याच्या धास्तीमुळे दक्षिण कोरियात धडधाकट तरुणांना लष्करी सेवा सक्तीची आहे. 'यहोवाचे साक्षीदार' या छोट्या ख्रिस्ती पंथाचे अनुयायी शस्त्र हाती घेणे हे बायबलच्या शिकवणीविरुद्ध मानतात. १९५०च्या दशकापासून या पंथाचे १९ हजारांहून अधिक तरुण त्यापायी तुरुंगात गेले. अलीकडच्या काळात शिक्षा साधारणपणे दीड वर्षाची असे.

२८ जून २०१८ रोजी घटनात्मक न्यायालयाने पर्यायी सेवेची तरतूद नसणे घटनेशी विसंगत ठरविले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने श्रद्धेपोटी दिलेला नकार हा गुन्हा नसल्याचे मान्य केले आणि ऑक्टोबर २०२० पासून पर्यायी सेवा सुरू झाली. येथे हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. सैन्यातील सेवा १८ महिन्यांची, जुनी शिक्षा १८ महिन्यांची. पर्यायी सेवा मात्र ३६ महिन्यांची आणि तीही तुरुंगातच. गुन्हेगाराचा शिक्का पुसला गेला, ही मिळकत लहान नव्हे. पण तिची किंमत दुप्पट काळ मोजून चुकती करावी लागते. सीमेवर रात्र काढणाऱ्या जवानावर अन्याय होऊ नये आणि सवलतीसाठी कोणी खोटी श्रद्धा पांघरू नये, हा सरकारचा युक्तिवाद अगदीच निराधार नाही. तथापि सेवा आणि शिक्षा यांतील सीमारेषा त्यातून पुसट होते, हेही तितकेच खरे.

खरी अडचण पुढेच आहे. नकार देणाऱ्याची श्रद्धा सखोल, दृढ आणि प्रामाणिक असली पाहिजे, असा निकष सर्वोच्च न्यायालयाने घालून दिला. ती मोजायची कशी? २०१९ मध्ये तेथील सरकारी वकिलांनी अर्जदार संगणकावर गोळीबाराचे खेळ खेळतो काय, याचाही तपास सुरू केला. युद्ध योग्य की अयोग्य, हा प्रश्न बाजूला पडला आणि नकार देणारा माणूसच आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

अमेरिकेने हा अनुभव व्हिएतनाम युद्धाच्या वेळी घेतला आहे. मुष्टियोद्धा महंमद अली यांनी एप्रिल १९६७ मध्ये इस्लामचा दाखला देत लष्करभरती नाकारली. त्यांना पाच वर्षांची शिक्षा सुनावण्यात आली, विजेतेपद काढून घेण्यात आले आणि उमेदीची सुमारे साडेतीन वर्षे ते रिंगणाबाहेर राहिले. जून १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण अर्ज फेटाळताना कारण स्पष्ट केले नाही, एवढ्या तांत्रिक मुद्द्यावर. त्याच वर्षी मार्चमध्ये याच न्यायालयाने एक महत्त्वाचा दंडक घालून दिला होता. सवलत हवी असेल, तर विरोध सर्वच युद्धांना हवा. विशिष्ट युद्धाला अन्याय्य म्हणून नकार देणारा तिला पात्र नाही. त्या खटल्यात एक अर्जदार कॅथलिक होता. न्याय्य आणि अन्याय्य युद्ध यांत फरक करण्याची परंपरा कॅथलिक पंथात शतकानुशतकांची आहे. म्हणजे धर्माने विवेक करावयास शिकविले आणि कायद्याने नेमका तो विवेकच अपात्र ठरविला.

ही भूमिका महाराष्ट्राला अपरिचित नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये ब्रिटिशांनी भारताला न विचारताच महायुद्धात ओढले. युद्धाविरुद्ध बोलण्याचे स्वातंत्र्य गांधीजींनी मागितले, तेव्हा व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी ब्रिटनमधील प्रथेकडे बोट दाखविले. तेथे नकार देणाऱ्याला लढण्यापासून सूट मिळते, आपले मत बोलूनही दाखविता येते. परंतु सैनिकांना अथवा दारूगोळा कारखान्यांतील कामगारांना परावृत्त करण्याची मुभा त्याला नसते, असे त्यांचे म्हणणे होते. यावर उत्तर म्हणून १७ ऑक्टोबर १९४० रोजी वर्ध्याजवळच्या पवनार येथे विनोबा भावे यांनी युद्धविरोधी भाषण करून वैयक्तिक सत्याग्रहाचा आरंभ केला. चार दिवसांनी त्यांना अटक झाली आणि तीन महिन्यांचा कारावास ठोठावण्यात आला. दुसरे सत्याग्रही म्हणून निवडलेल्या नेहरूंचा विरोध राजकीय होता; विनोबांचा अहिंसेवरील निष्ठेतून आलेला होता. भारतीयांवर लष्करभरतीची सक्ती नव्हतीच. त्यामुळे विनोबांना स्वतःसाठी कोणतीही सूट नको होती. त्यांना इतरांशी बोलायचे होते.

सेऊल, वॉशिंग्टन आणि १९४० ची दिल्ली यांना जोडणारा धागा येथे दिसतो. श्रद्धा ही एका व्यक्तीची खासगी अडचण असेल, तर राज्यसंस्था तिला अटी घालून का होईना, सामावून घेते. तीच श्रद्धा 'हे युद्ध चुकीचे आहे' असे इतरांना सांगू लागली, की सहिष्णुता संपते. धर्मश्रद्धेने असंख्य युद्धांना आशीर्वादही दिले आहेत. म्हणून तिचा प्रत्येक शब्द प्रमाण मानण्याचे कारण नाही. पण तिची परीक्षा घेता घेता युद्धाची परीक्षा घ्यायची राहून जाते, याचे भान न्यायासनांनी आणि समाजानेही ठेवायला हवे.