शेजारी बसणं आणि सोबत शिकणं

परीक्षेत मूल मागे पडलं की आपल्याकडे कारणं तयारच असतात. अभ्यास कमी पडला, पाया कच्चा, घरचं वातावरण तसलंच... अमेरिकेतही काही वेगळं नाही बरं का!

1970च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात पहिल्या वर्षाच्या कॅल्क्युलसमध्ये बरेच कृष्णवर्णीय विद्यार्थी नापास होत. प्राध्यापक साधारण हीच कारणं सांगत. युरी ट्रीसमन नावाच्या तिथल्याच एका संशोधक विद्यार्थ्याने मात्र 20 कृष्णवर्णीय आणि 20 चिनी वंशाची मुलं निवडली आणि ती अभ्यास नेमका कसा करतात हे जवळून पाहिलं.

नापास होणारी मुलं आळशी मुळीच नव्हती. सांगितलेले तास ती इमानेइतबारे अभ्यास करत, पण एकट्याने. 20 पैकी 18 जण वर्गातल्या कोणाबरोबर कधीच अभ्यासाला बसत नसत. चिनी मुलं आधी आपापली गणितं सोडवत, मग संध्याकाळी एकत्र जेवून एकमेकांच्या वह्या तपासत. कोणाचा तरी मोठा भाऊ येऊन प्रश्न विचारी. त्यामुळे आपण वर्गात नक्की कुठे आहोत हे प्रत्येकाला ठाऊक असे. एकट्या मुलाला ते कळायचं थेट पेपर हातात पडल्यावर!

पुढे ट्रीसमनने वर्कशॉप सुरू केलं. 'कच्च्या' मुलांचे जादा तास नव्हेत हं, तिथे मुद्दाम अवघड गणितं असत आणि मुलं ती मिळून सोडवत. निकाल सुधारले. मुलं तशीच, घरंही तीच.

आता पुण्यातल्या अभ्यासिका आठवा. पन्नास मुलं खांद्याला खांदा लावून बसलेली, आणि भिंतीवर पाटी: 'शांतता राखा'. शिस्त वाखाणण्यासारखी, पण शेजारच्याचं काय अडलंय याचा पत्ता नाही. कित्येक जण तीन-चार वर्षं तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचतात. आपल्याला काय येत नाही हे स्वतःचं स्वतःला दिसणं फार कठीण. ते दुसऱ्याला समजावून सांगताना अडखळलो की लख्ख दिसतं.

"ग्रुप स्टडी म्हणजे टाइमपास" हा पालकांचा आक्षेप अगदीच खोटा नाही. एकाने सोडवायचं आणि चौघांनी उतरवायचं, याला मीही एकत्र शिकणं म्हणणार नाही. इथल्या बऱ्याच कोर्सेसमध्ये यावर साधा नियम असतो: चर्चा खुशाल करा, पण उत्तर स्वतः लिहा आणि कोणाशी चर्चा केली त्यांची नावं वर टाका. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचंही तेच. कोड ज्याचा त्याने लिहायचा, पण दुसऱ्याने तपासल्याशिवाय तो पुढे जात नाही. यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

म्हणून मला वाटतं, प्रत्येक अभ्यासिकेत शांततेच्या खोलीशेजारी बोलायची एक खोली हवी. रोज एक तास. आधी एकट्याने सोडवून यायचं, मग एकमेकांना विचारायचं. खर्च काय, तर एक फळा आणि खडू.

नापास झालेल्या मुलाला "किती तास अभ्यास केलास?" हे सगळेच विचारतात. "कोणाबरोबर केलास?" हे तुमच्या घरी कधी कोणी विचारलंय का?