धरण हवं की तहान?

सरदार सरोवराच्या वादात हा सवाल वर्षानुवर्षं विचारला गेला. दोनच वाटा दाखवायच्या आणि तिसरी सुचवणाऱ्याला विकासविरोधी ठरवायचं, ही तर्कातली लबाडी आहे. धरणाची उंची, पाण्याचं वाटप, पुनर्वसन हे मुद्दे मग मागे पडतात.

दुसरी लबाडी ‘कुटुंब’ या शब्दात आहे. १९७९च्या नर्मदा लवादाच्या निवाड्याने सज्ञान मुलगा स्वतंत्र कुटुंब धरला. सज्ञान मुलगी नाही. ‘बुडीतग्रस्त कुटुंबाला जमीन’ असं म्हणताना सगळे आले असं वाटतं, आणि मुलगी गाळली जाते.

मैत्रिणींनो, सभेत कुणी ‘हे हवं की ते?’ असं विचारलं, तर उत्तर देण्याआधी आपणच विचारू या: दोनच पर्याय कुणी ठरवले? आणि त्यांत बाई कुठे मोजली?