आधी गावाला वाचून दाखवा

आमच्या पुतणीनं समाजकार्याची पदवी घेतली. एम.एस.डब्ल्यू. गावात ही अक्षरं सांगितली की माणसं विचारतात, "म्हणजे कसली नोकरी लागंल?" मी म्हणतो, नोकरीचं नंतर बघू, त्या शिक्षणापायी आमच्या घरात जे झालं ते आधी ऐका. मी स्वतः १९७७ साली दहावी झालो आणि तिथून सरळ औताच्या मागं लागलो. त्यामुळं विद्यापीठाच्या शिक्षणावर बोलायचा मला हक्क नाही असं कुणाला वाटलं तर वाटो. पण तेच शिक्षण आमच्या दारात येऊन आमच्याविषयी लिहून गेलं, तेव्हा आमच्यावर लिहायचा हक्क त्याला कुणी दिला होता?

२००९ साली पावसानं ओढ दिली. माझ्या धाकट्या भावानं त्या वर्षी पोळा झाल्यावर आठ दिवसांत औषध घेतलं. मागं बायको आणि आठ वर्षांची पोरगी. पोरगी म्हणजेच ही आमची पुतणी.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर, तुरीच्या शेंगा भरत होत्या तेव्हा, समाजकार्य शिकणारी तीन लेकरं आमच्या घरी आली. दोन मुलं, एक मुलगी. गळ्यात कॉलेजचं ओळखपत्र, हातात छापील कागद. त्या कागदाला ते मुलाखत अनुसूची म्हणत होते. लेकरं वाईट नव्हती. चपला बाहेर काढल्या, आमच्या म्हातारीच्या पाया पडली. आम्ही पाणी दिलं, चहा केला. भावजय उंबऱ्याच्या आत बसून उत्तरं देत होती, मी बाहेर ओट्यावर होतो.

घरात माणसं किती? जमीन किती? कर्ज होतं का? मयताला व्यसन होतं का? घरात भांडणं होत होती का? भावजय म्हणाली, "पोळ्याच्या दिवशी घेतली होती." कागदावर एक खूण झाली. भांडणाचं विचारलं तर म्हणाली, "त्याच राती झालं. भांडण कुन्या घरात होत नाही?" दुसरी खूण झाली. पाऊण तासात कागद भरला. लेकरांनी हात जोडले, फटफटीवर बसली आणि गेली. पुन्हा त्या गावात, त्या घरात, त्यातलं कुणी आलं नाही.

तेरा वर्षं गेली. पुतणी शिकत शिकत एम.एस.डब्ल्यू.च्या दुसऱ्या वर्षाला पोचली. त्या वर्षी प्रत्येकाला एक संशोधन अहवाल लिहावा लागतो. तो कसा लिहायचा हे बघायला मुलं ग्रंथालयातले जुने अहवाल चाळतात. काळ्या पुठ्ठ्याचे, वर सोनेरी अक्षरांचे. तिनं एक उघडला, तर त्यात आमच्या गावाचं नाव. पुढं पान उलटलं तर प्रकरण क्रमांक सात. माणसाचं नाव झाकलेलं होतं. पण जमीन साडेचार एकर कोरडवाहू, एक मुलगी इयत्ता चौथीत, शेजारी थोरला भाऊ, मृत्यू पोळ्यानंतर, हे सगळं जसंच्या तसं. एवढं उघडं ठेवल्यावर झाकलं काय? खाली निष्कर्ष लिहिला होता. मयत व्यसनाधीन. कौटुंबिक कलह. कुटुंबास समुपदेशनाची गरज.

त्या दिवशी पोरगी शेवटच्या एस.टी.नं घरी आली. जेवली नाही. मी गोठ्यात होतो, तिथं आली आणि म्हणाली, "तात्या, बाबा दारुडे होते का?"

बापाचं दुःख तिनं आठव्या वर्षी सोसलं होतं. बापाची बदनामी तिला बाविसाव्या वर्षी आपल्याच कॉलेजच्या कपाटात सापडली. आणि लिहिणारा काही आमचा वैरी नव्हता. त्यानं पदवीसाठी लिहिलं, तपासणाऱ्यानं गुण दिले, ग्रंथपालानं नंबर टाकला. ज्यांच्याविषयी लिहिलं त्यांना तेवढं कुणी विचारलं नाही की बाबांनो, हे बरोबर आहे का?

खरं काय होतं ते मी तिला त्या रात्री सांगितलं, आणि इथंही सांगतो. आमचे वडील गेल्यावर जमीन माझ्या नावावर आली. सातबाऱ्यावर माझ्या नावापुढं ए.कु.मॅ., म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरला म्हणून. धाकटा आपला वाट्याला आलेलं साडेचार एकर करून खात होता, पण कागदावर तो कुठंच नव्हता. दोन-तीनदा तो म्हणाला, "दादा, वाटणीचं तेवढं करून टाकू." मी म्हणायचो, करू की, घाई काय? घाई मला नव्हती, त्याला होती. नावावर जमीन नाही म्हणून सोसायटी त्याला पीककर्ज देईना. बँकेतही तेच. शेवटी बोअरसाठी त्यानं गावातल्याच एकाकडून शेकडा पाचनं पैसे उचलले. कागद नाही, चिठ्ठी नाही. पहिलं बोअर कोरडं गेलं. दुसऱ्यात नुसता फुफाटा उडाला. वर त्या साली पाऊस नाही.

तो गेल्यावर सरकारी मदतीसाठी प्रकरण गेलं. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या घराला एक लाख रुपये मिळतात, पण त्याला कर्जाचा पुरावा लागतो. बँकेचं, सोसायटीचं, नाहीतर परवाना असलेल्या सावकाराचं कर्ज पाहिजे. आमच्या माणसाचं कर्ज तोंडी, सावकार बिगरपरवान्याचा. प्रकरण अपात्र झालं.

आता हे त्या अहवालात का आलं नाही? एक तर, जमीन कुणाच्या नावावर आहे असा प्रश्नच त्या कागदावर नव्हता. जमीन किती, एवढंच होतं. आणि दुसरं कारण माझं आहे. मी ओट्यावर बसून सगळं ऐकत होतो. दारूच्या पुढं खूण झाली तेव्हा मी उठून म्हणू शकलो असतो की पोरांनो, हे असं नाही. मी उठलो नाही. खोटं कशाला बोलू, मला त्या खुणेनं बरं वाटलं. माझ्यावरचं बोट दारूवर गेलं होतं.

म्हणून मी म्हणतो, पाऊण तासात भरलेल्या कागदावर पदवी देऊ नका. पाऊण तासात गाव खरं बोलत नाही. पाहुण्याला जे चालतं ते सांगतं आणि जे लपवायचं ते लपवतं. माझ्यासारखी माणसं प्रत्येक घराच्या ओट्यावर बसलेली असतात.

पुतणीनं मला तिच्या पुस्तकातला इतिहास वाचून दाखवला. आपल्या देशात समाजकार्याचं रीतसर शिक्षण १९३६ साली मुंबईत सुरू झालं, सर दोराबजी टाटांच्या नावानं. पुढं तीच संस्था टाटा सामाजिक विज्ञान संस्था झाली. पहिले संचालक क्लिफर्ड मॅनशार्ट, अमेरिकेहून आलेले मिशनरी. त्याआधी ते नागपाड्याच्या वस्तीत काम करत होते. गिरण्या, चाळी, कामगार यांच्या मुंबईत हे शिक्षण जन्मलं यात वाईट काही नाही. तिथं त्याची गरजच होती. पण साचा शहराचा पडला. व्यक्ती सहाय्य कार्य, गटकार्य, समुदाय संघटन अशा त्यांच्या पद्धती आहेत. शब्द चांगले आहेत. तरी शिकणारी लेकरं धरून बसतात ती पहिलीच. माणूस समोर बसवायचा आणि त्याच्या स्वभावात, त्याच्या घरात, त्याच्या सवयीत अडचण शोधायची. गावाकडं अर्धी अडचण तलाठ्याच्या दप्तरात असते, सोसायटीच्या थकबाकीच्या यादीत असते, न झालेल्या वाटणीत असते. तिथं न जाता माणसातच शोधत बसलं तर दारू सापडणारच.

आमचं गाव त्यांच्या भाषेत क्षेत्र आहे. आठवड्याला दोन दिवस क्षेत्रकार्य, वर्षातून एकदा आठवडाभराचं ग्रामीण शिबिर. शिबिरात मारुतीच्या देवळापुढं रांगोळीनं गावाचा नकाशा काढतात. इथं विहीर, इथं शाळा, इथं दलित वस्ती. म्हातारी माणसं हौसेनं सांगतात, लेकरं काढतात, फोटो होतो. मग लेकरं जेवायला जातात आणि नकाशावर कोंबड्या येतात. माझ्या देखत आमच्या गावाचा नकाशा चार वेळा निघाला. त्यातला एकही ग्रामपंचायतीत नाही.

असं बोललो की गावातले काही जण टाळ्या देतात. म्हणतात, "बरोबर हाय तात्या, गाडगेबाबाला कुठं डिग्री होती?" त्यांच्याशीही माझं पटत नाही. गाडगेबाबा एकच झाले, आणि ज्याला आपण झाडू हातात घ्यायचा नाही त्याला त्यांचं नाव घ्यायला सोपं जातं. पदवी नको असं माझं म्हणणं नाही. तिच्या फीसाठी मी दोन वर्षं तूर विकली आहे. क्षेत्रकार्यात असताना या पोरीनं आमच्याच गावातल्या तीन विधवांची वारस नोंद लावून घेतली. एकीचा नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती. अर्ज कसा लिहायचा, पोच कशी मागायची, मंडळ अधिकाऱ्यापर्यंत कव्हा जायचं, संजय गांधी निराधार योजनेला कोणते कागद लागतात, हे तिला येत होतं. आम्हाला येत नव्हतं. ते शिक्षणानंच आलं. आणि एवढं शिकून तिच्या बरोबरची बरीच मुलं अकरा महिन्यांच्या कंत्राटावर राबतात, ही वेगळीच थट्टा आहे.

माझं भांडण एवढ्याच गोष्टीशी आहे की आमच्याविषयी लिहिलेलं आमच्यापर्यंत परत येत नाही.

हे काही नवीन मागणं नाही. जोतीराव फुल्यांनी १८८३ साली शेतकऱ्याचा असूड लिहिला, तेव्हा तो छापून मोकळे झाले नाहीत. मुंबई, पुणे, ठाणे, जुन्नर, ओतूर, हडपसर अशा ठिकाणी त्यांनी तो लोकांना वाचून दाखवला. बडोद्याच्या सयाजीरावांनीही तो ऐकला. ज्याच्यावर लिहिलं तोही ऐकणार आणि राजाही ऐकणार. आपल्याकडं ही रीत विद्यापीठाच्या समाजकार्याच्याही आधीची आहे. मग अभ्यासक्रमात ती का नाही?

पुतणीनं आपल्या अहवालासाठी विषय घेतला तो सातबाऱ्यावर बायकांच्या नावांचा. एका हंगामात सगळी घरं फिरली, पेरणीपासून काढणीपर्यंत. लिहून झाल्यावर म्हणाली, मी गावाला वाचून दाखवणार. तिच्या मार्गदर्शकांनी सांगितलं, असं अभ्यासक्रमात कुठं नाही, आणि गुप्ततेचं काय? गुप्ततेचा मुद्दा खोटा नाही. बाईनं घरात सांगितलेलं पारावर वाचायचं नसतं. पण त्यावर तिनं काढलेली तोड मला पटली. घरातलं घरात वाचायचं, गावाचं पारावर वाचायचं.

पारावर वाचलं तेव्हा गोंधळ झाला. दोन ठिकाणी एकराचे आकडे चुकले होते, ते लोकांनी दुरुस्त केले. एक म्हातारी उठून म्हणाली, "मी नाव नको म्हनलेच नव्हते. मला कुनी विचारलंच नाही, असं म्हनले होते." पोरीनं ते वाक्य तिथंच खोडून नवीन लिहिलं. त्या एका वाक्यानं अख्खा निष्कर्ष बदलला. नको म्हणणारी बाई वेगळी आणि जिला विचारलंच नाही ती वेगळी.

आणि घरातलं घरात वाचलं ते आमचं. भावजय भिंतीला टेकून बसली होती, मी खाटेवर. त्यात एक वाक्य होतं की थोरल्या भावानं वाटणी लांबवल्यामुळं धाकट्याला संस्थात्मक कर्ज मिळू शकलं नाही. वाचताना पोरीचा आवाज अडखळला, पण तिनं ते गाळलं नाही. माझ्याकडं बघून विचारलं, "तात्या, हे बरोबर आहे का?"

मी म्हणालो, बरोबर आहे.

भावजय एवढंच म्हणाली, "हे तव्हाच लिहायचं होतं."

त्यानंतर २०२४ साली आम्ही तहसीलमध्ये कलम ८५ खाली वाटणीचा अर्ज दिला. साडेचार एकरावर आता भावजयीचं आणि पुतणीचं नाव आहे. पंधरा वर्षं उशिरा. हे काही मी मोठं केलं म्हणून सांगत नाही. पहिल्या अहवालाला तेव्हा कुणी आमच्या ओट्यावर वाचलं असतं, तर कदाचित मला तेव्हाच तोंड उघडावं लागलं असतं, एवढं मात्र सांगतो.

म्हणून समाजकार्य शिकवणाऱ्या सरांना आणि मॅडमना माझी विनंती आहे, आणि विनंतीनं होत नसेल तर मागणी आहे. लेकरांना पुन्हा पुन्हा त्याच घरी पाठवा, निदान एक हंगाम तरी. प्रश्नांच्या कागदात व्यसनाच्या आधी सातबारा टाका. आणि अहवाल वाचून दाखवला, त्यात लोकांनी काय दुरुस्त केलं, हे शेवटच्या पानावर असल्याशिवाय गुण देऊ नका. सही नको, अंगठा नको. नुसत्या दुरुस्त्या लिहा. ज्या अहवालात गावानं एकही दुरुस्ती सांगितली नाही, तो वाचलाच नाही असं समजा.

आमच्या घराविषयीचा तो जुना अहवाल अजून त्या कपाटात आहे. पुतणीनं अर्ज दिला आहे की प्रकरण क्रमांक सातला तिचा एक कागद जोडावा. उत्तर आलेलं नाही.

लेकरांनो, तुम्ही या. दार उघडंच असतं, चहा होईल. पण या खेपेला कागद भरून झाला की वाचून दाखवल्याशिवाय मी तुम्हाला ओट्यावरून उठू देणार नाही. आणि मीही गप बसणार नाही.