घोडा का अडला?

मागच्या हिवाळ्यात आमच्या नववीच्या वर्गाची सहल माथेरानला गेली होती. मोटारी दस्तुरी नाक्यापर्यंतच जातात. तेथून पुढे तांबड्या मातीचा रस्ता लागतो. बरेच लोक पायी चालतात, काही जण घोड्यावर बसतात. आमच्या वर्गातला एक मुलगाही हौसेने घोड्यावर बसला. घोडेवाला लगाम धरून पुढे चालत होता. अर्ध्या वाटेत घोडा एकाएकी थांबला. काही केल्या पुढे पाऊल टाकीना.

"सर, घोडा अडला!" मुले हसू लागली. कोणी तरी ओरडले, "मार, मार त्याला!" घोड्यावरच्या मुलाने हातातली काठी उगारली. घोडेवाल्याने त्याचा हात वरच्या वर धरला. मग तो खाली बसला, घोड्याचा पुढचा पाय उचलून त्याने आपल्या मांडीवर घेतला आणि खुरात रुतलेला एक खडा बाहेर काढला. घोडा निमूटपणे चालू लागला.

सहलीहून परतल्यावर वर्गात एका मुलीने मला विचारले, "सर, घोड्यावर थोडे सामान बांधायचे आणि एकट्यानेच आठ-दहा दिवस डोंगरदऱ्यांतून फिरायचे, असे कोणी करते का? आणि असे करावे का?"

मुलांनो, हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याचे उत्तर माहितीने देता येते. दुसऱ्याचे उत्तर म्हणजे माझे मत आहे. ते तुम्हांला पटलेच पाहिजे असे नाही, पण त्यावर विचार मात्र करा.

आधी माहिती सांगतो. असे प्रवासी होऊन गेले आहेत, आणि त्यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रवासी माझ्यासारखाच एक शिक्षक होता. त्याचे नाव एमे चिफेली. तो जन्माने स्विस होता. दक्षिण अमेरिकेतील अर्जेंटिना देशात तो एका शाळेत शिकवीत असे. वय होते तिशीच्या आसपास. शाळेची घंटा, वह्यांचे गठ्ठे आणि ठरलेली सुट्टी यांपलीकडे काही करावे, असे त्याला वाटू लागले. घोड्यावरून उत्तर अमेरिकेपर्यंत जायचे, असे त्याने ठरवले. लोकांनी त्याला वेड्यात काढले. पण एप्रिल १९२५ मध्ये तो ब्युनॉस आयर्स शहरातून निघाला.

त्याच्याबरोबर दोन घोडे होते. एकावर तो बसे आणि दुसऱ्यावर सामान असे. एकाचे नाव मांचा आणि दुसऱ्याचे गातो. गातो हा गाणे गाणारा घोडा नव्हता बरे! स्पॅनिश भाषेत 'गातो' म्हणजे मांजर आणि 'मांचा' म्हणजे डाग. दोघेही क्रिओयो जातीचे होते. ही अर्जेंटिनाच्या गवताळ रानात वाढलेली, अंगाने लहान पण काटक जात. हे दोघे दिसायला फार देखणे नव्हते, ऐन तारुण्यातलेही नव्हते. पण थंडी, ऊन आणि उपास त्यांच्या अंगवळणी पडलेले होते.

बोलिव्हियाच्या बर्फाळ घाटांतून आणि पेरूच्या तापलेल्या वाळवंटातून ते तिघे गेले. झुलत्या पुलांवरून गेले, नद्या पोहून ओलांडल्या. कोलंबिया आणि पनामा यांच्यामधले दलदलीचे जंगल ओलांडणे शक्य नव्हते, म्हणून तेवढा टप्पा त्यांनी बोटीने गाठला. काही अवघड वाटांवर चिफेलीला वाटाड्या घ्यावा लागला. पण बाकीचा बराच प्रवास तो आणि त्याचे दोन घोडे, एवढ्यांचाच होता. सुमारे १६,००० किलोमीटरची वाट तुडवून १९२८ मध्ये तो अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथे पोहोचला. तेथे राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी त्याची भेट घेतली.

हे सारे ऐकून तुम्ही म्हणाल, "केवढा धाडसी माणूस!" तो धाडसी होताच. पण मला त्याच्या धाडसापेक्षा दुसरीच एक गोष्ट मोठी वाटते. ती सांगतो.

एकदा वाटेत पाण्याचा एक पट्टा लागला. पाणी जेमतेम चार बोटे खोल दिसत होते. चिफेलीने गातोला पुढे घातले, पण गातो अडला. चिफेलीने टाच मारली, तरी तो हलेना. तेवढ्यात दूरवरून पाहणारा एक स्थानिक माणूस घोडा दौडवीत आला. त्याने सांगितले की, त्या उथळ पाण्याखाली माणसाला आणि घोड्याला गिळून टाकणारी रुतण वाळू आहे. मग त्याने त्यांना लांबच्या पण सुरक्षित वाटेने पलीकडे नेले. रानात वाढलेल्या गातोला जे कळले, ते शिकलेल्या शिक्षकाला कळले नव्हते.

मुलांनो, आता तुम्हीच सांगा, हा प्रवास एकट्याचा होता का? आपण म्हणतो, 'अमुक माणूस एकटा घोडा घेऊन गेला.' म्हणजे घोडा हा जणू सामानाचाच एक भाग! पण पायी जाणारा माणूस एकटा असतो. घोडा घेऊन जाणारा माणूस एकटा नसतो. त्याच्याबरोबर एक जीव असतो. त्याला भूक लागते, तहान लागते, भीती वाटते आणि कधी कधी माणसापेक्षा जास्त कळते. शिवाय माणूस स्वतःच्या इच्छेने निघालेला असतो. घोड्याला कोणी विचारलेले नसते. म्हणून माझे मत असे आहे की, ज्याला आपले धैर्यच दाखवायचे असेल त्याने खुशाल पायी जावे. घोडा त्यानेच न्यावा, ज्याची घोड्यासाठी थांबण्याची तयारी आहे.

थांबणे म्हणजे काय, हेही समजून घ्या. मोटारीत पेट्रोल भरले की काम झाले. घोड्याचे तसे नाही. त्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते, उन्हात त्याहूनही जास्त. म्हणजे नकाशावर आधी पाणवठे शोधायचे आणि मग मुक्काम ठरवायचा. घोड्याचे पोट अंगाच्या मानाने लहान असते, म्हणून तो दिवसभर थोडे थोडे चरत असतो. त्याला उलटी करता येत नाही. चुकीचे किंवा घाईने खाल्लेले अन्न त्याच्या जिवावर बेतू शकते. जीन, सामान आणि स्वार मिळून घोड्याच्या वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शापेक्षा जास्त ओझे असू नये. म्हणजे घोडा चारशे किलोचा असेल, तर सर्व मिळून ऐंशी किलो. तीव्र उतारावर स्वाराने खाली उतरून चालावे. रोज सकाळी जीन चढवण्यापूर्वी पाठीवरून हात फिरवावा आणि कोठे सूज किंवा घासल्याची खूण आहे का ते पाहावे. रोज चारही खूर उचलून पाहावेत. संध्याकाळी आधी घोड्याचे पाणी, घोड्याचा चारा, घोड्याचा खरारा आणि मग आपली भाकरी. असा हा नियम आहे.

खरारा हा शब्द तुम्हांला ओळखीचा वाटला ना? घोड्याच्या संसारातले कितीतरी शब्द मराठीत आणि उर्दूत एकच आहेत. लगाम, जीन, नाल, नालबंद, चाबूक, सवार हे शब्द पाहा. तुमच्या घरची 'रकाब' मराठीत आली आणि 'रिकीब' झाली. या शब्दांना दोन्ही भाषांत घरचाच मान आहे.

आता काही जण म्हणतील, "सर, आज रस्ते आहेत, आगगाड्या आहेत, विमाने आहेत. मग घोड्यावरून दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर जाण्यात काय अर्थ?" मी म्हणतो, पोहोचणे एवढाच हेतू असेल, तर काहीही अर्थ नाही. पण आगगाडीतून जाताना आपण कोणाचे ऐकतो? घोड्याबरोबर चालणाऱ्याला मात्र त्याचे कान कोठे वळले ते पाहावे लागते, श्वास जड झाला का ते ऐकावे लागते. आपली घाई बाजूला ठेवून दुसऱ्याच्या चालीने चालणे, हे शिक्षण पुस्तकात मिळत नाही. आम्हां शिक्षकांनाही ते बी.एड.च्या वर्गात पुरते मिळाले, असे मी म्हणणार नाही.

दुसरे कोणी म्हणतील, "मग घोड्याला त्रास द्यायचाच कशाला? नेऊच नये." हा आक्षेप खोटा नाही. चिफेलीच्या प्रवासातही घोड्यांचे हाल झाले. मेक्सिकोत गातोचा पाय दुखावला, तेव्हा चिफेलीने त्याला आगगाडीने पुढे मेक्सिको शहरात पाठवले. नंतर अमेरिकेत मोटारींच्या गर्दीत दोन घोडे सांभाळणे धोक्याचे झाले. मग त्याने गातोला सेंट लुईस येथे ठेवले आणि तो एकट्या मांचाला घेऊन पुढे गेला. दोन्ही घोडे घेऊन शेवटपर्यंत पोहोचलो, असे सांगण्याचा मान त्याने सोडला. प्रवास संपल्यावर मात्र त्याने दोघांनाही बोटीने मायदेशी परत नेले. तेथल्या कुरणात ते म्हातारपणापर्यंत मोकळे राहिले. गातो १९४४ मध्ये गेला आणि मांचा १९४७ मध्ये. ज्याला एवढे करता येणार नाही, त्याने घोडा नेऊ नये, हेच तर मी म्हणतो आहे.

प्रश्न विचारणाऱ्या मुलीने हळूच आणखी एक प्रश्न विचारला होता, "सर, मुलींना हे जमेल का?" तिच्यासाठी सांगतो. अर्जेंटिनाचीच आना बेकर नावाची स्त्री १९५० मध्ये घोड्यांसह निघाली आणि १९५४ मध्ये कॅनडाची राजधानी ओटावा येथे पोहोचली. हा रस्ता तर चिफेलीच्या रस्त्याहूनही लांबचा. तेव्हा जमेल की नाही हे मुलगा-मुलगी यावर अवलंबून नसते.

हे सर्व मी तुम्हांला एवढ्या आग्रहाने का सांगतो आहे? त्यालाही एक कारण आहे. ते सांगायला मला थोडी लाज वाटते.

माझे आजोबा टांगा चालवीत. आम्ही त्यांना दादाअब्बा म्हणत असू. मी दहा वर्षांचा असेन. एका दुपारी ते नमाजला गेले आणि टांगा झाडाखाली उभा होता. मित्रांसमोर ऐट दाखवावी म्हणून मी लगाम हातात घेतला. घोडा हलेना. मित्र हसले. मी चाबूक उचलला आणि एक, दोन, तीन असे फटके मारले. तेव्हा कुठे घोडा चालला. मला वाटले, मी जिंकलो!

संध्याकाळी दादाअब्बांनी घोडा सोडला, तेव्हा त्याच्या छातीवरच्या पट्ट्याखाली जखम दिसली. पट्टा घासून कातडे सोलले होते. पाऊल टाकले की पट्टा जखमेवर रुतत होता. म्हणून तो अडला होता. आणि मी त्याला त्याबद्दल मारले होते.

दादाअब्बांनी मला मारले नाही. त्यांनी आठ दिवस टांगा जुंपला नाही. आठ दिवस टांगा नाही म्हणजे आठ दिवस घरात कमाई नाही. त्या आठ दिवसांत आमच्या घरी कालवण किती पातळ होत गेले, ते मला अजून आठवते. रोज सकाळी ते मला उठवीत आणि कडुनिंबाच्या कोमट पाण्याने ती जखम माझ्याकडून धुऊन घेत. पहिल्या दिवशी मी हात लावताच घोडा थरथरला. चौथ्या-पाचव्या दिवशी तो शांत उभा राहिला. तेव्हा दादाअब्बा एवढेच म्हणाले, "बेटा, ये बेजबान है. इसकी सुनना सीख."

मराठीत काम अडून बसले की आपण म्हणतो, 'घोडे अडले.' जणू सगळा दोष घोड्याचाच! पण माथेरानचा घोडा खड्यासाठी अडला, गातो रुतण वाळूसाठी अडला आणि आमचा घोडा जखमेसाठी अडला. तिन्ही वेळा घोडा बरोबर होता आणि वर बसलेला माणूस चुकत होता.

म्हणून मुलांनो, त्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. मोठे झाल्यावर, घोड्याची निगा नीट शिकल्यावर आणि घरच्यांना वाट सांगून, घोडा घेऊन जरूर डोंगरात जा. पण तो अडला तर चाबूक काढू नका. खाली उतरा आणि त्याचा पाय उचलून पाहा.

आणि घोडा मिळाला नाही, तरी हे शिक्षण थांबत नाही. तुमच्या बाकावर शेजारी बसणारा मित्र एखाद्या दिवशी अभ्यासात अडेल, लहान भाऊ शाळेत जायला अडेल. तेव्हा "मार, मार!" म्हणणारे पुष्कळ असतील. तुम्ही मात्र त्याच्याजवळ बसा आणि कोठे खडा रुतला आहे ते पाहा.