अमृतमहोत्सवाची माफी आणि तळोजाचे कच्चे कैदी

स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवासाठी केंद्र सरकारने मार्च 2021 मध्ये 259 सदस्यांची राष्ट्रीय समिती नेमली. पंतप्रधान अध्यक्ष, सदस्यांत माजी राष्ट्रपती, मुख्यमंत्री, लता मंगेशकरांसारखे कलावंत, शिवाय खेळाडू. दांडीयात्रेच्या तारखेला, 12 मार्चला, साबरमती आश्रमातून महोत्सव सुरू झाला आणि 15 ऑगस्ट 2023 पर्यंत चालला. त्या काळात घरोघरी तिरंगा लागला, जिल्ह्यागणिक 75 अमृत सरोवरांची घोषणा झाली, महाराष्ट्रात 17 ऑगस्ट 2022 रोजी सकाळी 11 वाजता सामूहिक राष्ट्रगीत झाले. कैद्यांसाठीही एक योजना निघाली. जाहिरातीत तिला जागा नव्हती, पण स्वातंत्र्याच्या उत्सवाची परीक्षा घ्यायची तर ती याच योजनेवर घ्यावी लागते.

जून 2022 मध्ये गृह मंत्रालयाने राज्यांना विशेष माफीचे निर्देश दिले. सुटका 15 ऑगस्ट 2022, 26 जानेवारी 2023 आणि 15 ऑगस्ट 2023 अशा तीन टप्प्यांत व्हायची होती. निम्मी शिक्षा भोगलेल्या पन्नाशीपुढच्या स्त्रिया आणि साठीपुढचे पुरुष, दोन तृतीयांश शिक्षा भोगलेले कैदी, असाध्य आजारी, शिक्षा संपूनही दंड भरता न आल्याने अडकलेले गरीब, असे तिचे लाभार्थी होते. जन्मठेपेचे कैदी आणि बलात्कार, दहशतवाद, हुंडाबळी वगैरे गुन्हे वगळलेले होते. गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीलाही, 2018 आणि 2019 मध्ये, अशीच तीन टप्प्यांची माफी झाली होती.

माफी शिक्षेला मिळते. ज्याला शिक्षाच झालेली नाही तो कच्चा कैदी या हिशेबात बसत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5,73,220 कैदी होते आणि त्यांतले 4,34,302 कच्चे. म्हणजे दर चारांमागे तीन. उत्सवाची माफी उरलेल्या एकासाठी होती, तीही अटींसह. गुन्हा शाबीत झालेल्याला सवलत आणि न झालेल्याला पुढची तारीख, असा हा विचित्र न्याय झाला.

सरकारला हे ठाऊक नव्हते असे नाही. राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने जुलै–ऑगस्ट 2022 मध्ये कच्च्या कैद्यांची छाननी करून सुटकेच्या शिफारशी करण्याची मोहीम चालवली. 30 जुलैला पंतप्रधानांनीही अमृतमहोत्सवानिमित्त त्यांच्या सुटकेला वेग देण्याचे आवाहन केले. पण पक्क्या कैद्यांसाठी तारखा ठरल्या, निकष ठरले, आदेश निघाले. कच्च्यांच्या वाट्याला शिफारस आणि आवाहन आले.

यावरचे ठरलेले उत्तर असे की माफी सरकारच्या हातात असते, जामीन न्यायालयाच्या. समिती काय करणार? उत्तर अर्धेच खरे आहे. फौजदारी खटल्यात फिर्यादी पक्ष सरकारच असते. जामिनाला विरोध करायचा की नाही हे सरकारी वकिलामार्फत सरकार ठरवते. न्यायालयाच्या संमतीने खटला मागे घेण्याची तरतूदही कायद्यात आहे. कैद्याला तारखेला न्यायचे तर पोलीस पार्टी सरकारची. ती आली नाही की तारीख वाया जाते. तुरुंगातला डॉक्टर सरकारचा. एवढे सगळे ज्याच्या हातात, त्याने न्यायालयाकडे बोट दाखवणे शोभत नाही.

खारघरला लागून असलेल्या तळोजा मध्यवर्ती कारागृहात महोत्सवाचा काळ कसा गेला, याची काही पाने सार्वजनिक आहेत. भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी, कंपवाताने आजारी असलेले फादर स्टॅन स्वामी ऑक्टोबर 2020 पासून येथे होते. साबरमतीतल्या उद्घाटनानंतर दहा दिवसांनी, 22 मार्च 2021 रोजी, विशेष न्यायालयाने त्यांचा जामीन फेटाळला. 5 जुलैला वांद्र्याच्या रुग्णालयात, वयाच्या 84 व्या वर्षी, कच्चे कैदी म्हणूनच त्यांचा मृत्यू झाला. त्याच प्रकरणातले आनंद तेलतुंबडे 14 एप्रिल 2020 रोजी, आंबेडकर जयंतीला, शरण आले आणि 26 नोव्हेंबर 2022 रोजी, संविधान दिनाला, तळोजातून जामिनावर बाहेर पडले. त्याच दिवशी दिल्लीत राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू तुरुंगात खितपत पडलेल्या गरिबांविषयी बोलत होत्या. या नावांना निदान वकील होते, वर्तमानपत्रे होती. जामीन मंजूर होऊनही जामीनदार न मिळाल्याने आत राहणाऱ्या परप्रांतीय मजुराची बातमी होत नाही.

तुरुंगवास ही स्वातंत्र्याच्या इतिहासात लाजेची गोष्ट नव्हे, हे पनवेल–उरणच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. वासुदेव बळवंत फडके पनवेल तालुक्यातल्या शिरढोणचे. 1883 मध्ये ते एडनच्या तुरुंगात वारले. पुण्यातल्या खटल्यात त्यांचा बचाव सार्वजनिक काकांनी केला होता. 25 सप्टेंबर 1930 च्या चिरनेर जंगल सत्याग्रहात गोळीबाराने आठ जणांचा बळी घेतला आणि नंतरच्या खटल्यात आरोपींच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. स्वतंत्र भारतानेही हा हिशेब मान्य केला. रौप्यमहोत्सवाला, 15 ऑगस्ट 1972 पासून, स्वातंत्र्यसैनिकांना निवृत्तिवेतन सुरू झाले. त्यासाठीची मुख्य कसोटी होती किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास. त्या महोत्सवाने तुरुंगातले महिने मोजले. पंचाहत्तरीने सरोवरे मोजली.

पुढच्या समितीला नवा कायदा करण्याची गरज नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 479 जुलै 2024 पासून लागू आहे. त्यानुसार पहिल्यांदाच आरोपी झालेल्याने कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कोठडीत काढला, तर त्याला जातमुचलक्यावर सोडायचे आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या शिक्षेची आहे. फाशी वा जन्मठेपेचे गुन्हे आणि अनेक खटले असलेले आरोपी यांतून वगळले आहेत. ही सवलत जुन्या खटल्यांनाही लागू असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2024 मध्ये स्पष्ट केले. गरीब कैद्यांच्या 2023 च्या योजनेत सुरुवातीला जामिनासाठी 40,000 आणि दंडासाठी 25,000 रुपयांपर्यंत मदतीची तरतूद होती. ही मदत जिल्हा समिती मंजूर करते.

म्हणून कोणत्याही राष्ट्रीय वर्धापनाची समिती नेमताना तिच्या कार्यकक्षेत पहिलेच कलम कच्च्या कैद्यांचे असावे. प्रत्येक टप्प्याच्या तारखेआधी कलम 479 ला पात्र कैद्यांची यादी तुरुंग अधीक्षकांनी न्यायालयात द्यावी. जामीन मिळूनही पैशाअभावी अडकलेल्यांचे अर्ज त्याच आठवड्यात जिल्हा समितीपुढे जावेत. साठीपुढच्या आणि गंभीर आजारी कच्च्या कैद्यांच्या जामिनाला विरोध करायचा असेल, तर सरकारी वकिलाने त्याची लेखी कारणे द्यावीत. आणि ध्वजवंदनाच्या दिवशी तळोजा कारागृहाच्या दर्शनी फलकावर किती कच्चे कैदी आत आहेत, त्यांतले किती जण वर्षाहून अधिक काळ आहेत आणि पोलीस पार्टीअभावी वर्षात किती तारखा चुकल्या, हे तीन आकडे लावावेत.