फोनमधले बुकमार्क संगणकावर दिसत नाहीत?

शिष्यवृत्तीचे अर्ज सुरू झाले, की श्रीरामपूर-संगमनेरकडचे पालक आम्हाला विचारतात, "सर, फोनवर बुकमार्क केलेली महाडीबीटीची लिंक संगणकावर का दिसत नाही?"

आधी दोन्हीकडे क्रोममध्ये एकच जीमेल खाते आहे का, ते पाहा. बऱ्याच घरांत फोनवर अब्बांचे खाते असते आणि संगणकावर मुलीचे. मग सेटिंग्जमध्ये बुकमार्कचे सिंक सुरू करा. पासवर्ड बदलल्यावर सिंक थांबले असेल, तर पुन्हा साइन इन करा.

घाईने काही पुसू नका. सिंक सुरू असताना एकीकडे पुसलेले दुसरीकडूनही जाते. आधी संगणकावर कंट्रोल-शिफ्ट-ओ दाबून, तीन ठिपक्यांतून बुकमार्क 'एक्स्पोर्ट' करा. प्रत हाताशी राहील.

सायबर कॅफेत काम संपताच साइन आउट करा. आपल्या मुलांचा हक्क दुसऱ्याच्या संगणकावर उघडा ठेवू नये.