टांगलेले ओझे आणि खालचा माणूस

परभणी जिल्ह्याच्या गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावसारख्या गावांचा क्रेनशी संबंध येतो तो प्रामुख्याने साखर कारखान्यात. गाळप हंगामात ट्रक-ट्रॉलीतील उसाचा भारा क्रेनने उचलून गव्हाणीत टाकला जातो. त्या वेळी चालक, वाहक आणि मजूर आसपासच वावरत असतात. साखळी तुटली किंवा हूक निसटला, तर सावरायला क्षणही मिळत नाही.

अशा दुर्घटनेनंतर क्रेनचालकाच्या चुकीवर बोट ठेवून चौकशी आटोपणे सोयीचे असते. मात्र खरा प्रश्न वेगळाच आहे: ओझ्याखाली माणूस होताच का? 1 ऑगस्ट 2023 रोजी समृद्धी महामार्गाच्या कामावर शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे गर्डर बसविणारी अवजड यंत्रणा पुलाच्या भागासह कोसळली आणि 20 जणांचा बळी गेला. एवढ्या उंचीवरून ओझे कोसळते तेव्हा डोक्यावरचे हेल्मेट पुरे पडत नाही.

उचलण्याचे गणितही फसवे असते. दोन उभ्या साखळ्यांनी एक टन वजन उचलल्यास प्रत्येकीवर अर्ध्या टनाचा ताण येतो. त्याच साखळ्या पसरून जमिनीशी 30 अंशांचा कोन झाला, तर प्रत्येकीवर पूर्ण टनाचा ताण पडतो. वजन तेच, धोका दुप्पट! हे गणित ओझे बांधणाऱ्या कामगाराला कोणी शिकविते का?

कारखाना अधिनियम, 1948 च्या कलम 29 ने क्रेन, साखळ्या व दोरांची वर्षातून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून तपासणी बंधनकारक केली होती. क्रेनच्या मार्गाजवळ कोणी काम करीत असेल, तर क्रेन 6 मीटरच्या आत येऊ नये, अशीही तरतूद होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, 2020 लागू झाली. आता असा तांत्रिक तपशील मुख्यत्वे संहितेखालील नियम व मानकांवर अवलंबून आहे.

कायदा बदलला तरी वर्षातील एका दिवसाचे प्रमाणपत्र उरलेल्या दिवसांची हमी देऊ शकत नाही. दर पाळीपूर्वी साखळी-हूकची पाहणी, इशारे देणारा एकच जबाबदार माणूस आणि ओझ्याखालची जागा पूर्णपणे मोकळी, या तीन गोष्टींना फारसा खर्च येत नाही. वेळ मात्र लागतो. आणि रांगेत वाहने खोळंबली की पहिला बळी त्या वेळेचाच जातो. हजेरीपटावर नाव नसलेला वाहनचालक किंवा कंत्राटी मजूरही त्याच ओझ्याखाली उभा असतो. सुरक्षेचे नियम त्याच्यापर्यंत पोहोचले, तरच त्यांना अर्थ आहे.